आवर घालणाऱ्या पेशी

दसऱ्याच्या आगेमागे माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या शिवारात सोयाबीनच्या गंजी उकलायला लागतात. हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहिलेला गडी काड आत सारत राहतो, मागून भुसकटाचा लोट उठतो, आणि नाकातोंडाला बांधलेला रुमाल दिवस मावळेपर्यंत मातकट होऊन जातो. रात्री एकाला शिंकांवर शिंका येतात, नाक गळायला लागतं, पहाटे छाती वाजते. त्याच्या शेजारी त्याच धुळीत राबलेला सख्खा भाऊ मात्र गाढ झोपलेला असतो.

असं का, असं विचारलं तर गावात आणि शहरातही एकच उत्तर मिळतं: त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे. करोनाच्या साथीनंतर तर हे उत्तर घराघरांत पक्कं झालं. काढे आले, गोळ्या आल्या, शक्ती वाढवण्याची पावडर आली. ॲलर्जीच्या बाबतीत मात्र हे निदान मुळातच उलटं आहे. छाती वाजणाऱ्या भावाची प्रतिकारयंत्रणा दुबळी पडलेली नसते, ती नको तिथे धावून गेलेली असते. सोयाबीनच्या टरफलाचा कण हा काही जंतू नव्हे, तरी शरीर त्याच्यावर शत्रूसारखं तुटून पडतं. तेव्हा विचारायला हवं ते हे, की झोपलेल्या भावाच्या अंगात याच यंत्रणेला कोणी आवरलं?

गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती आलं आहे. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळालं ते याच आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात काही पेशी पहारा देत असतात. बाहेरून आलेला कण त्या उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवतात. ॲलर्जी असलेल्या माणसात या टी पेशी एका ठरावीक वळणावर जातात आणि इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही रसायनं सोडू लागतात. त्यांच्या सांगण्यावरून बी पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतात. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामाइन बाहेर पडतं, नळ्या आवळतात, चिकट कफ सुटतो. इओसिनोफिल पेशी मागाहून येऊन अस्तराला सूज आणतात, आणि ही सूज धूळ बसल्यावरही दिवसेंदिवस उतरत नाही.

निरोगी माणसाचं शरीर त्या कणाला ओळखतच नाही, असं पूर्वी समजलं जाई. तसं नाही. ओळखणाऱ्या टी पेशी त्याच्याही रक्तात सापडतात. फरक इतकाच की त्यांच्यात आवर घालणाऱ्या, म्हणजेच नियामक टी पेशींचं प्रमाण आणि जोर अधिक असतो. या पेशी इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही शांतवणारी रसायनं सोडतात. चिडलेल्या टी पेशींना वाढायला लागणारं इंटरल्यूकिन-२ त्या स्वतःच शोषून घेतात. सीटीएलए-४ या रेणूच्या मदतीने त्या पहारेकरी पेशींच्या अंगावरचे चिथावणीचे रेणू चक्क ओरबाडून काढतात. गावातलं भांडण ठाण्यापर्यंत जाऊ न देता चावडीवरच मिटवणाऱ्या जाणत्या पोलीस पाटलासारखं हे काम आहे. त्यांच्या जोडीला नियामक बी पेशी असतात, फुप्फुसातल्या काही भक्षक पेशीही असतात. नियामक बी पेशी आयजीई ऐवजी आयजीजी-४ नावाचं सौम्य प्रतिपिंड बनवण्याकडे कल झुकवतात, आणि हे प्रतिपिंड त्या कणाला मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधी वाटेतच अडवतं.

हा शोध सरळ रेषेत लागला नाही. १९६९ मध्ये यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा या जपानी संशोधकांनी तीन दिवसांच्या उंदरिणींची थायमस ग्रंथी, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी, काढून टाकली. प्रतिकार मंदावेल अशी अपेक्षा होती, झालं भलतंच. शरीराने स्वतःच्याच बीजांडकोशावर हल्ला चढवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड गर्शन यांनी 'दाबणाऱ्या' टी पेशींची कल्पना मांडली. १९७० च्या दशकात त्यावर निबंधांचा पाऊस पडला. पण ज्या जनुकावर ती सगळी इमारत उभी होती, ते सांगितल्या ठिकाणी नाहीच, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालं. मग तो विषयच बदनाम झाला. त्याचं नाव काढलं तरी अनुदान मिळेना, अशी स्थिती आली.

साकागुची त्या पडत्या काळातही चिकटून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं, की अंगावर सीडी-२५ हा रेणू बाळगणाऱ्या टी पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या तर त्यांना स्वप्रतिकाराचे आजार होतात, आणि वगळलेल्या पेशी परत दिल्या तर ते टळतात. तिकडे ब्रंकाव आणि रॅम्सडेल वेगळ्याच वाटेने निघाले होते. अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात उंदरांचा एक वाण आपसूक निपजला होता. त्यातल्या नरांची कातडी खपल्यांनी भरायची, प्लीहा सुजायची आणि काही आठवड्यांत ते मरायचे. या उंदरांतलं बिघडलेलं जनुक दोघांनी २००१ मध्ये शोधून काढलं आणि त्याला फॉक्सपी-३ हे नाव दिलं. माणसांत हेच जनुक बिघडलं तर मुलग्यांना आयपेक्स नावाचा दुर्मिळ आणि भयंकर आजार होतो: तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब आणि रक्तात आयजीईची प्रचंड वाढ. आवर घालणारी पेशी नाहीशी झाली की शरीर स्वतःवरही उलटतं आणि अन्नावर, धुळीवरही उलटतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच असल्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. २००३ मध्ये साकागुचींनी आणि इतर दोन गटांनी दोन्ही वाटा जोडल्या. फॉक्सपी-३ हीच नियामक टी पेशींची किल्ली ठरली.

पुण्याच्या विद्यापीठ परिसरातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचाही या कामात वाटा आहे. तिथल्या डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की इंटरल्यूकिन-३ दिल्याने संधिवात झालेल्या उंदरांत नियामक टी पेशी वाढतात आणि सांध्यांची झीज कमी होते. तो विषय सांध्यांचा होता. पण पेशी तीच.

मराठवाड्याला या प्रश्नाची दुसरी बाजू आधीपासून ठाऊक आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू मोजण्याचं यंत्र तयार केलं. १९७० मध्ये त्याची माहिती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आली आणि 'टिळक एअर सॅम्पलर' हे नाव रूढ झालं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातल्या पिकांवरची हवा महिनोन्महिने तपासली. कोणत्या पिकावर कोणती बुरशी कधी उडते याची नोंद या भागाकडे अर्ध्या शतकापूर्वीपासून आहे. गाजरगवत तर ओळखीचंच. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे मेक्सिकोकडचं तण आता दिंद्रुडच्याही बांधांवर आणि रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांनी माजतं, आणि त्याच्या परागाने सर्दी-दमा, तर स्पर्शाने त्वचेचा दाह होतो. हवेत काय आहे ते कळलं, पण त्याच हवेतला कण एकाला सोसतो आणि दुसऱ्याला का सोसत नाही, याचा शोध अलीकडचा.

त्या शोधातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मधमाशीपालकांचं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ज्यांना डंखाची ॲलर्जी नाही अशा पालकांचं रक्त हंगामाआधी, हंगामात आणि हंगामानंतर तपासलं. २००८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पहिल्या डंखांनंतर आठवडाभरातच मधमाशीचं विष ओळखणाऱ्या त्यांच्या टी पेशी इंटरल्यूकिन-१० सोडणाऱ्या नियामक रूपात गेल्या. डंख बसत होते तोवर त्या तशाच राहिल्या. हंगाम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा मूळ पदावर. सोसण्याची ताकद ही एकदा मिळवून कायमची ठेवायची वस्तू नाही. ती राबती ठेवावी लागते.

याच्या उलट उदाहरण बार्सिलोनाचं, आणि ते सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्याने मुद्दाम वाचावं असं आहे. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात दम्याचे २६ उद्रेक झाले. एखाद्या दिवशी अचानक रुग्णालयांत धापा टाकणाऱ्या माणसांची रीघ लागायची. डॉक्टरांनी तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा उमगलं, की बंदरात सोयाबीनची जहाजं रिकामी होत होती त्याच त्या तारखा. टरफलाची धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत येत होती, कारण धान्याच्या एका कोठाराला वर गाळण्याच बसवलेल्या नव्हत्या. त्या बसवल्यावर उद्रेक थांबले. इथे धूळ आली ती अधूनमधून आणि एकदम लोटाने. मधमाशीपालकाला मिळाला तसा सलग सराव नाही, उसंत नाही. मळणीचा हंगामही काहीसा असाच: अकरा महिने काही नाही आणि मग काही दिवस नाकातोंडात लोट. हडंब्यावर राबणाऱ्याला 'सवय होईल' म्हणून सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. चांगला मास्क आणि वाऱ्याच्या दिशेने नीट उभं केलेलं यंत्र यांना पर्याय नाही.

लहानपणाचा प्रश्न आणखी मोठा आहे. १९८९ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी चाळल्या आणि घरात जितकी थोरली भावंडं जास्त तितका परागज्वर कमी, असं दाखवलं. पुढे आल्प्सच्या परिसरातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. गरोदरपणात ज्या आया गुरांत वावरल्या त्यांच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात नियामक टी पेशी अधिक आणि अधिक कामसू आढळल्या. मग २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन समाजांची तुलना झाली. अमिश आणि हटराइट दोघेही युरोपातून आलेले, रक्ताने जवळचे, खाणंपिणं सारखं. अमिश घोड्यांनी शेती करतात, तबेला घराला लागून. हटराइट ट्रॅक्टर वापरतात, गोठे वस्तीपासून दूर. दम्याचं प्रमाण अमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१. अमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचे अंश जवळपास सातपट. ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली तर त्यांचाही दमा टळला. हे श्रेय एकट्या नियामक टी पेशींचं नव्हे. त्या धुळीने मुळात जन्मजात प्रतिकाराची पहिली फळी घडवली होती, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

हे वाचून कुणी खेड्यातली मुलं आपोआप सुरक्षित आहेत असं म्हणेल, तर ते खरं नाही. दिंद्रुडसारख्या गावात गोठा आहे तशी चूलही आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, घरोघर गॅसची टाकी आली. तरी पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या फुकट मिळतात आणि टाकी भरायला पैसे लागतात. प्रदूषित हवेचा परिणाम थेट या पेशींवर होतो, याचा पुरावा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या शेतीप्रधान आणि प्रदूषित शहरातून आला. तिथल्या दमेकरी मुलांच्या नियामक टी पेशींत फॉक्सपी-३ जनुकावर मिथाइलचे टिळे चढलेले सापडले, म्हणजे जनुक शाबूत पण दाबलेलं. पेशींची आवरण्याची ताकद त्या प्रमाणात घटली होती. कारी नाडो यांच्या गटाने २०१० मध्ये हे मांडलं. गोठा देतो ते चूल काढून घेते, असं इथे घडत असण्याची दाट शक्यता आहे.

जंतांचं गणितही असंच गुंतागुंतीचं. पोटातले कृमी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी माणसाच्या नियामक पेशी वाढवतात. गॅबन देशात कृमी झालेल्या मुलांत धुळीची ॲलर्जी कमी दिसली होती. मग कुणाला वाटलं, कृमीच टोचावेत. नॉटिंगहॅममध्ये दमेकऱ्यांना अंकुशकृमी देऊन पाहिले. २०१० मध्ये निकाल आला, म्हणण्यासारखा फायदा नाही. उलट गोल जंतांचा संबंध अनेक अभ्यासांत वाढत्या दम्याशीच जुळतो. शाळेत दिल्या जाणाऱ्या जंतांच्या गोळ्या मुलांनी घ्यायलाच हव्यात. तीच गोष्ट कच्च्या दुधाची. युरोपीय अभ्यासांत त्याचा नियामक पेशींशी संबंध दिसला, पण ब्रुसेलोसिस आणि क्षयाचा धोका पाहता दूध उकळूनच प्यावं.

या सगळ्या शास्त्रात कच्चे दुवेही आहेत. दमेकऱ्यांच्या रक्तात नियामक पेशी कमी असतात की नसतात, यावर निरनिराळे निकाल आले. एक कारण असं, की माणसात साधी टी पेशीसुद्धा चिडल्यावर काही काळ फॉक्सपी-३ दाखवते, म्हणून मोजणीत फसगत होते. दुसरं, रक्तातली संख्या आणि फुप्फुसातलं काम या वेगळ्या गोष्टी. २००४ मध्ये लंडनच्या एका गटाने दाखवलं, की ॲलर्जी असलेल्यांच्या पेशी संख्येने ठीक असूनही परागाविरुद्धची प्रतिक्रिया दाबायला कमी पडतात. तिसरं सगळ्यात चिंतेचं: सुजलेल्या फुप्फुसात काही नियामक पेशी स्वतःच फितूर होतात. इंटरल्यूकिन-४ च्या ग्राहकात विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या माणसांत त्या दाह वाढवणाऱ्या पेशींचं रूप घेतात, असं २०१६ मध्ये समोर आलं. तेव्हा नियामक पेशी 'वाढवण्याची' कोणतीही बाटली कोणी विकत असेल, तर त्यामागे शास्त्र नाही.

या पेशींना कामाला लावणारा सिद्ध उपचार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या लेनर्ड नून यांनी परागज्वराच्या रुग्णांना गवताच्या परागाचा अर्क थोड्या-थोड्या वाढत्या मात्रेत टोचला. तो का लागू पडतो, हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. आधी इंटरल्यूकिन-१० सोडणाऱ्या पेशी वर येतात, मग आयजीजी-४ वाढतं, आणि आयजीई सगळ्यांत शेवटी, सावकाश उतरतं. म्हणून उपचार तीन-चार वर्षं चालतो. तेवढा पूर्ण केलेल्यांचा फायदा इंजेक्शनं बंद केल्यावरही निदान तीन वर्षं टिकला, असं १९९९ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. चार महिन्यांत गुण नाही म्हणून सोडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दमा आटोक्यात नसताना ही इंजेक्शनं घेणं धोक्याचं. प्रत्येक सुईनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावं लागतं, कारण क्वचित जिवावरची प्रतिक्रिया येऊ शकते.

आणि त्याआधी हवा तो साधा पंप, म्हणजे इनहेलर. भारतात दमेकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या घरात, जगातल्या सुमारे १३ टक्के. दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या २०२२ मध्ये आलेल्या भारतीय पाहणीत छाती वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांचं निदानच झालेलं नव्हतं. पंपाची सवय लागते, ही भीती अजून जात नाही. लग्नाच्या मुलीचा पंप तर कपाटात कपड्यांखाली दडवला जातो. त्यातलं स्टेरॉइड अत्यल्प मात्रेत थेट नळीत जातं आणि सूज उतरवतं. २००४ मधल्या एका अभ्यासात तर स्टेरॉइड घेणाऱ्या दमेकऱ्यांच्या पेशींत फॉक्सपी-३ आणि इंटरल्यूकिन-१० वाढलेलं आढळलं. ज्याला लोक भितात, ते औषध आवर घालणाऱ्या पेशींच्याच बाजूने उभं आहे.

अमिश आणि हटराइट शोधायला अमेरिकेला जावं लागलं. बीड जिल्ह्यात तशी तुलना दरवर्षी समोर उभी राहते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे तोडणी मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. काही टोळ्या बैलगाडीच्या. त्यांच्या कोपीशेजारीच, म्हणजे झोपडीला लागूनच, बैल बांधलेले असतात, तान्हं मूल शेणाच्या वासात झोपतं. काही टोळ्या ट्रॅक्टरच्या, तिथे जनावर नाही. दोन्हीकडे कोपीच्या दाराशी चूल, आसपास जळणारं पाचट, आणि कित्येक बायका पोटुशा असतानाही फडात. तिसरा गट आजी-आजोबांपाशी गावातच राहिलेल्या मुलांचा. गर्भारपण ते पहिली दोन-तीन वर्षं हाच नियामक पेशी घडण्याचा काळ, आणि नेमका तोच काळ या मुलांचा कोपीत जातो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे, पेशींची तपासणी पुण्यात होऊ शकते, हवेतल्या कणांची विद्या मराठवाड्याची स्वतःची आहे. तिन्ही गटांतल्या बाळांच्या नाळेचं थोडं रक्त, कोपीतल्या आणि घरातल्या धुळीचे नमुने, चुलीजवळच्या धुराची मोजणी, आणि पुढे पाच-सहा वर्षं दर मळणीला आणि दर हिवाळ्याला त्या मुलांची छाती तपासणं: एवढं केलं तर बैलाचा उपयोग किती आणि धुराचा अपाय किती, याचं उत्तर ऊसतोड कामगारांच्या मुलांकडूनच मिळेल. चुलीऐवजी कोपीत गॅस देण्याची मागणी कारखान्यांकडे करायला मात्र त्या उत्तराची वाट पाहण्याचं कारण नाही.